हिरुतला कधी सांगायचं

“तुझ्या वडिलांचं कळलं. फार वाईट वाटलं,” प्राध्यापक लिंडक्विस्ट म्हणाले. “गुरुवारच्या पेपरची अजिबात काळजी करू नकोस. जानेवारीत दे, सवडीनं.”

हिरुत जिन्याच्या तोंडाशी उभी होती. पाठीवर दप्तर, हातात नुकतेच काढलेले हातमोजे. आजूबाजूनं पोरं खाली धावत होती.

“काय कळलं?” तिनं विचारलं.

प्राध्यापकांनी कॉफीचा कागदी पेला या हातातून त्या हातात घेतला. “डीनच्या ऑफिसातून सगळ्या शिक्षकांना निरोप आला होता. मला वाटलं... म्हणजे, तुला ठाऊक असणारच.”

“काय ठाऊक असणार?”

आता त्यांचा चेहरा पडला. “ते गेल्याचं. गेल्या महिन्यात. मी काही चुकीचं तर नाही ना बोललो?”

“नाही,” हिरुत म्हणाली. “थँक यू.”

दोन वर्षांत या देशानं तिला एवढं पक्कं शिकवलं होतं, की कोणी हातावर काहीही ठेवलं तरी आधी थँक यू म्हणायचं. मग ते बापाचं मरण का असेना. प्राध्यापक पुढे समुपदेशकाच्या खोलीचा नंबर सांगत होते, ते बिचारे भले गृहस्थ होते, पण तोवर ती जिना उतरून बाहेर बर्फात आली होती.

रडू आलं नाही. आली ती तिडीक. मेसच्या इमारतीकडे चालता चालता एकेक गोष्ट तिच्या डोक्यात नीट जागेवर बसायला लागली. म्हणून घरून, देस्सेहून, फोनवर मुलुगेता, तिचा थोरला भाऊ, सारखा म्हणत होता, बाबा काकाकडे गावी गेलेत, तिथं फोन लागत नाही. म्हणून आईचा घसा बसलेला. सर्दी झालीय म्हणे. सर्दी कसली? आई काळे कपडे घालून बसली असणार, घर बायकांनी भरलेलं असणार, आणि तिथून उठून आतल्या खोलीत जाऊन ही बाई फोनवर तिच्याशी हसली होती. थंडी फार आहे का गं तिकडे, असं विचारलं होतं.

आणि तो रविवार. नाताळचा उपवास सुरू व्हायच्या आधीचा दिवस, मटण-कोंबडीचा शेवटचा दिवस. गावातली सगळी इथिओपियन मंडळी, मोजून आठ-दहा डोकी, झेनेबेचबाईंच्या घरी जमली होती. कोणीतरी गाणं लावलं, आणि हिरुत नाचली होती. खांदे उडवत, मान हलवत, घाम फुटेस्तोवर. सगळ्यांनी टाळ्या दिल्या होत्या. त्या सगळ्यांना माहीत होतं. बाप जाऊन आठवडा झालेला आणि मुलगी मधोमध नाचतेय, हे त्यांनी बसून पाहिलं होतं, आणि एकानंही गाणं बंद केलं नव्हतं.

मेसच्या मागच्या दारातून ती थेट स्वयंपाकघरात शिरली. ती स्वतः इथंच काम करायची. परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवाराबाहेर कामाला बंदी, त्यामुळे सगळ्या जगाची पोरं इथं ताटं विसळत असत. बिरुक मशीनपाशी होता. तो शेवटच्या वर्षाला, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि तिला विमानतळावर घ्यायला आलेला पहिला माणूस. पलीकडे झेनेबेचबाई उकडलेले बटाटे सोलत होत्या. पन्नाशीची बाई, वीस वर्षं या स्वयंपाकघरात काढलेली. गावातली सगळी इथिओपियन पोरं त्यांना एतेते म्हणत, थोरली बहीण.

“एतेते, माझे वडील कधी गेले?”

बाईंच्या हातातली सुरी थांबली. बिरुकनं मशीन बंद केलं. आवाज एकदम थांबल्यावर त्याला वाटलं असावं, आता काही लपायला जागा उरली नाही.

“कोणी सांगितलं तुला?” बाई म्हणाल्या.

“बघा. ‘असं काही नाही’ म्हणायच्याऐवजी विचारताय काय, तर कोणी सांगितलं.”

“पोरी, बस आधी. ये इथं.”

“बसायचं नाही मला. लिंडक्विस्ट सरांनी सांगितलं. जिन्यात, हातात कॉफी घेऊन. त्यांना डीननं सांगितलं. डीनला कोणी सांगितलं?”

बिरुक खाली बघत होता. “मी,” तो म्हणाला. “परीक्षा पुढे ढकलून मिळावी म्हणून. चुकून तुला आधीच कळलं असतं तर तू पेपर कुठला देणार होतीस? म्हटलं, आधी सगळी सोय करून ठेवू. मी डीनच्या ऑफिसातल्या बाईला दहादा बजावलं होतं, हिरुतला अजून माहीत नाही, सांगू नका.”

“मग?”

“ती म्हणाली, बरं. त्यांना ते डोक्यातच शिरत नाही, हिरुत. ज्याचा बाप गेला त्यालाच माहीत नसेल, हे त्यांना सुचणारच नाही.”

“शाबास. अख्ख्या विद्यापीठाला माझ्या बापाचं सुतक, मी सोडून.”

झेनेबेचबाई एप्रनला हात पुसत जवळ आल्या. “शनिवारी पहाटे येणार होतो आम्ही. तुझा शेवटचा पेपर झाल्यावर. शहरातून गाशे वोर्कू, आपल्यातले सगळ्यांत थोरले, निघणार आहेत, बायका येणार आहेत. तुझ्या भावानंच ठरवलं सगळं. हे काय फोनवर सांगायचं असतं? एकट्या पोरीला? तू पडली-बिडली असतीस तर धरायला कोण होतं?”

“मी नाचले तेव्हा धरायला कोण होतं?”



हिरुतला रीत ठाऊक होती. लहानपणी शेजारच्या घरी पाहिलेली होती. मरणाची बातमी एकानं सांगायची नसते. चार माणसं जमवायची, उजाडायच्या आत जायचं, घरचं माणूस तोंड धुवायच्या आधी. सगळ्यांनी बसायचं. मग सगळ्यांत थोरल्यानं बोलायचं, आणि बोलणं पुरं व्हायच्या आत बायकांनी धरायचं. रीत चांगलीच होती. तिचं भांडण रीतीशी नव्हतं. पण बापाचं मरण महिनाभर फडताळात ठेवायचं, पोरीच्या परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे काढायचं, हे कोणत्या रीतीत बसतं?

“शनिवारी कोणी यायचं नाही,” ती म्हणाली. “आलात तर दार उघडणार नाही मी.”

संध्याकाळी तिनं फोनच्या कार्डावरून देस्सेला फोन लावला. तिकडे अजून उजाडायचं होतं. मुलुगेतानं उचलला.

“बाबांना दे.”

“हिरुत? इतक्या पहाटे? काय झालं? बाबा गावी...”

“बाबांना दे म्हणते ना.”

मागे कोणीतरी खोकलं. मग त्याच्या आवाजातला सगळा शहाणपणा गळून पडला. “हृदय बंद पडलं,” तो म्हणाला. “खांबावरून उतरले, चहा मागितला, आणि बसल्या जागी. काही करता आलं नाही.” वीजमंडळात तारा ओढण्यात त्यांचा जन्म गेला होता. खांबावरून कधी पडले नाहीत याचं त्यांना कोण कौतुक.

“आणि मला?”

“बाबाच नेहमी म्हणायचे, पोरीच्या अभ्यासात खंड पडता कामा नये.”

“मेलेल्या माणसाच्या तोंडी तुझी वाक्यं घालू नकोस.”

“मग काय करायला हवं होतं मी? सांग ना. तू सगळं टाकून निघाली असतीस.”

“असतेच. आत्ताही निघते.”

“आणि परत कशी जाशील? व्हिसा संपलाय तुझा. इथून पुन्हा रांग. दिला तर दिला, नाही तर नाही. यारेदचं काय झालं विसरलीस?”

यारेद बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला होता. वकिलातीत खिडकीमागच्या माणसानं दोन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत सरकवला. तीन वर्षं इंजिनियरिंग शिकलेला यारेद आता अदिसमध्ये मोबाइलची कव्हरं विकतो. हिरुतला हे कोणी सांगायला नको होतं. शिकत असेपर्यंत इथं राहायला हरकत नाही, पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की आत यायची खात्री नाही. मातीला जाता आलं नाही, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही जाता येणार नाही. घरी पोचेल तेव्हा थडग्यावर गवत असेल. बापासाठी रडायला तिच्याकडे होतं काय, तर शनिवारची ती पहाट. आणि तीही तिनंच बंद करून टाकली होती.

“आईला दे,” ती म्हणाली.

आई फोनवर आली. म्हणाली, “जेवलीस का?” हिरुतनं फोन ठेवला. तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

गुरुवारी तिनं पेपर दिला. मुद्दाम दिला. त्यांची सवलत नको, त्यांची दया नको. लिंडक्विस्ट सर पर्यवेक्षक होते, त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिनं दात-ओठ खाऊन रेणूंच्या आकृत्या काढल्या, आणि पेपर वाईट गेला नाही याचाही तिला राग आला.

शनिवारी उजाडायच्या आधी ती जागीच होती. वसतिगृहाच्या खोलीतली जोडीदारीण सुट्टीला घरी गेली होती. दाराबाहेर बुटांचा बर्फ झटकल्याचे आवाज आले. मग कुजबुज. मग टकटक.

उभे राहा, ती मनात म्हणाली. राहा उभे. महिनाभर मला उभं केलंत.

पुन्हा टकटक झाली, अगदी हलकी. आणि एका म्हाताऱ्या आवाजानं कुजबुजत विचारलेलं तिनं ऐकलं, “पोर गाढ झोपलीय का? तिला काही संशय तर नाही ना आला?”

त्यावर झेनेबेचबाई म्हणाल्या, “नाही, गाशे.”

हिरुत उठून बसली. म्हणजे या दोघांनी, बाईंनी आणि बिरुकनं, बाकीच्यांना सांगितलंच नव्हतं. शहरातून टॅक्सीची रात्रपाळी सोडून दोन गाड्या भरून माणसं आली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता की बातमी चार दिवसांपूर्वी जिन्यात सांडून गेली. पुन्हा लपवालपवी. या माणसांना सत्य म्हणून बोलता येतच नाही का? दार उघडून सगळ्यांसमोर या दोघांची लाज काढावी, असं तिनं ठरवलं आणि दार उघडलं.

समोर गाशे वोर्कू होते. वाकलेले, सुटाबुटात. कोटावरचा बर्फ अजून वितळला नव्हता. मागे चार-पाच बायका, पांढरी शाल, सुतकात घेतात तशी काठ वर करून, तोंडाभोवती घेतलेल्या. म्हाताऱ्याचे ओठ आपल्याशीच हलत होते. वाटभर शब्द जुळवत आला असणार. त्याच्या मागे बिरुक जमिनीकडे बघत उभा. झेनेबेचबाईंनी मात्र नजर चुकवली नाही.

हिरुतच्या तोंडाशी आलेलं सगळं तोंडातच राहिलं.

“गाशे,” ती म्हणाली. “इतक्या पहाटे? सगळे मिळून? काय झालं?”

“आत बसू, बाळ,” म्हातारा म्हणाला.

ते बसले. दोघे खाटेवर, बाकीचे खाली गालिच्यावर, दप्तरं आणि पुस्तकं बाजूला सारून. गाशे वोर्कूंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. “हिरुत, तुझे वडील फार चांगले माणूस होते,” ते म्हणाले, आणि ‘होते’ म्हणताच बायकांनी तिला धरलं. झेनेबेचबाईंचे हात सगळ्यांत आधी पोचले. तिनं ते झिडकारले. ते पुन्हा आले. मग तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

काही वेळानं दारावर थाप पडली. बायका एकदम गप्प झाल्या. या देशात बाहेरून आलेल्या सगळ्यांना दारावरच्या थापेची भीती ठाऊक असते. हिरुतनंच उठून उघडलं. मजल्याची व्यवस्था बघणारी मेगन होती, पायजमा आणि लोकरी मोज्यांत, डोळे चोळत. तिच्या मागे तीन-चार खोल्यांची दारं किलकिली झाली होती.

“सॉरी हां,” मेगन म्हणाली, “पण परीक्षेच्या आठवड्यात चोवीस तास शांततेचा नियम आहे. काहींचा आज सकाळीच पेपर आहे. तुम्ही लोक काय... सगळं ठीक आहे ना?”

“माझे वडील गेले,” हिरुत म्हणाली. “आत्ताच कळलं.”

“अरे देवा. सॉरी. तुम्हाला खालच्या हॉलमध्ये बसायचं असेल तर...”

“नाही. इथंच.”

खोलीत गाशे वोर्कू नाक पुसत होते. झेनेबेचबाईंनी शालीचा काठ दातांत धरला होता, आवाज बाहेर पडू नये म्हणून. हिरुतनं दार लावलं नाही. ती मागे वळली, बायकांच्या मधोमध जाऊन बसली, आणि बापाच्या नावानं पहिली हाक तिनंच घातली.