डाव्या बाजूचा रंग

शनिवारी जत्रेच्या मैदानावर लोवेल ब्रूबेकरने आपल्या गाडीच्या काचेत पहिल्यांदाच ‘विकणे आहे’ असा कागद लावला. सकाळचे नऊ वाजायच्या आत अर्धं मैदान येऊन तो कागद वाचून गेलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" डेल्बर्ट यॉडरने विचारलं. साठ वर्षांची दोस्ती होती दोघांची.

"डोकं आहे. गुडघे नाहीत. क्लच दाबवत नाही आता."

"मग मला दे."

"तुला? आठ दिवसांत लाल रंग फासशील तिला. तुझ्या त्या शेवरोलेवर इतके थर चढलेत, की आत गाडी उरली आहे का, ते फोडूनच बघायला हवं."

"माझी निदान चमकते."

"चमकते ना. नव्या कवळीसारखी."

शेजारच्या घडीच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेली रोंडा हसली. त्रेपन्न वर्षांची ही लोवेलची एकुलती एक मुलगी इंडियानापोलिसच्या शाळेत साहित्य शिकवायची आणि दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या क्लबच्या या मेळाव्यासाठी गावी यायची.

गाडी होती १९६३ची स्टुडबेकर हॉक, फिकट निळी. साउथ बेंडच्या कारखान्यात, रंगाच्या विभागात, लोवेल तेविसाव्या वर्षी कामाला होता. त्याच वर्षाच्या शेवटी कारखान्याने गाशा गुंडाळला. ज्यांनी या गाडीवर रंग मारला त्यांची नावं त्याला पाठ होती. त्यातलं आता कुणी उरलं नव्हतं. पण रंग होता, आणि त्या रंगाला पुन्हा कुणाचा हात लागलेला नव्हता, असं सगळे धरून चालत. मेळाव्यात अशा अस्पर्शित गाड्यांचा वेगळा गट असे. लोवेलने त्या गटातल्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत अकरा वेळा घेतली होती.

आणि अकराही वेळा रोंडाने टाळ्या वाजवताना मान खाली घातली होती. कारण १९८३ साली, आईवडील दोन दिवस ओहायोला मयताला गेले असताना, सतरा वर्षांच्या रोंडाने किल्ली उचलून ती गाडी बाहेर काढली होती. धान्याच्या कोठाराशी मागे घेताना तिने ती सिमेंटच्या खांबावर घातली. मागची डावी बाजू आत गेली. वर्गातल्या एका मुलीच्या भावाने रात्रंदिवस खपून पत्रा सरळ केला, रंग जुळवला. वडील परतले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "जेवलीस का?" त्यानंतर ती कॉलेजला गेली, नोकरीला लागली, आई गेली, आणि सांगायची वेळ कधीच आली नाही. किंवा रोज आली.

मेळाव्याच्या त्या शनिवारी बापलेकींनी डुकराच्या तळलेल्या मांसाचं एक सँडविच वाटून खाल्लं. घरी येताना वडिलांनी तिला गाडी चालवायला दिली आणि सगळा रस्ताभर, ती गियर कसे उशिरा टाकते, यावर बोलत राहिले.

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबा, अंडी किती?" उत्तर आलं नाही. त्यांना ऐकू कमी यायचं. तिने दोन फोडली, पुन्हा विचारलं आणि तिसरं हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. ते खुर्चीत बसले होते. एक बूट घातलेला, दुसऱ्याची नाडी बोटांत. तिने पुन्हा विचारलं, "अंडी किती?" आणि आपण कुणाला विचारतो आहोत ते तिला विचारून झाल्यावर कळलं.

दफन झालं. लोक जेवणाची झाकलेली भांडी घेऊन आले, रिकामी घेऊन गेले. रोंडा सगळ्यांशी नीट बोलली. तिचा आवाज एकदाही हलला नाही, आणि याचंच तिला भय वाटत होतं.

त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक आलं. कर्टिस व्हेलन, टोलेडोचा निवृत्त दंतवैद्य. मेळाव्यातून बातमी कळल्यावर त्याने त्याच शनिवारी रात्री लोवेलशी फोनवर बोलणी केली होती. पोरीला कुणी फसवू नये म्हणून डेल्बर्टही सकाळपासून गॅरेजात ठाण मांडून होता.

व्हेलन आधी पेट्रोलच्या झाकणाशी वाकला. आत रंगाचा एक ओघळ वाळून राहिला होता.

"हे बघा," तो आनंदाने म्हणाला. "हात घाईत होता. दुपारची सुट्टी व्हायला आली असणार. माझी आई त्याच कारखान्यात आसनं शिवायची, मॅडम. नवा रंग मी कुठेही देऊन घेईन हो, पण हा ओघळ कुठून आणू?"

मग त्याने खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं आणि पत्र्याला टेकवत फिरू लागला. रंगाचा थर किती जाड, ते यंत्र सांगायचं. दरवाजा, चार. छप्पर, साडेचार. उजवी बाजू, चार.

"त्या डबीचा उपयोग नाही," डेल्बर्ट म्हणाला. "लोवेलचा शब्द होता."

थांबवा, असं रोंडाला म्हणता आलं असतं. व्हेलन मागच्या डाव्या बाजूला आला. चौदा. त्याने वीतभर पुढे टेकवलं. पंधरा.

"बिघडलंय ते," डेल्बर्ट म्हणाला.

"नाही नाही, बरोबर आहे. मिस्टर ब्रूबेकरनी फोनवर आधीच सांगितलं होतं. म्हणाले, त्र्याऐंशी साली मी स्वतःच मागे घेताना खांबावर घातली आणि गुपचूप रंगवून घेतली. किंमतही कमी केली त्यांनी. सरळ माणूस."

रोंडा पुढे होऊन त्या डाव्या बाजूपाशी उभी राहिली. त्र्याऐंशी. खांब. बाबांना माहीत होतं. ‘जेवलीस का’ विचारताना माहीत होतं. प्रत्येक फीत घेताना, त्या शनिवारी शेजारी बसून सँडविच मोडताना माहीत होतं. छत्तीस वर्षं ते तिच्या बोलण्याची वाट बघत होते की तिने बोलू नये म्हणून जपत होते, हे आता विचारायचं कुणाला?

"म्हणजे लोवेल खोटं बोलला," डेल्बर्ट हळू म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आम्हाला. अकरा वेळा. त्या हर्शेल मिलरच्या गाडीचा दरवाजा रंगवलेला निघाला, तेव्हा त्याला गटातून काढला आम्ही. सगळ्यांसमोर. लोवेल परीक्षक होता तेव्हा. हर्शेल पुन्हा आला नाही कधी."

"जुनी गोष्ट आहे," व्हेलन संकोचून म्हणाला. "मला गाडी हवीच आहे. कागद करू या का?"

आता काही बोलायची गरज नव्हती. गाडी जात होती, गिऱ्हाईक खूश होतं. बापाने स्वतःच्या अंगावर घेऊन गोष्ट मिटवली होती आणि मेलेल्या माणसाला उलट विचारायला कुणी जाणार नव्हतं.

डेल्बर्टने टोपी चढवली. "क्लबात सांगावं लागेल मला," तो म्हणाला. "हर्शेलच्या घरीही जावं लागेल. बेटा, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष."

तो दारापर्यंत पोचला.

"डेल्बर्टकाका, थांबा."

तिचा आवाज हलला. त्या रविवारपासून पहिल्यांदा.

"बाबा तेव्हा ओहायोला होते. मयताला. आई पण. त्यांना माहीत होतं आणि ते गप्प बसले, ते त्यांचं चुकलं, ते तुम्ही सांगा क्लबात. हर्शेल मिलरकडे मी येते तुमच्याबरोबर. पण खांबावर त्यांनी नाही घातली. मी घातली. मी गाडी चोरून नेली होती. मी ठोकली, मी रंगवून घेतली, आणि मी त्यांना कधीच सांगितलं नाही."