तीन फोटोंमधला मधला

“दादा, आईचा तो हसतानाचा फोटो पाठव रे. मोठा करून भिंतीवर लावू,” बेबी फोनवर म्हणाली.

“मी कुठून पाठवू? तो तर तुझ्याकडे आहे.”

“माझ्याकडे?” बेबी एकदम गप्प झाली. साठी उलटली, नातवंडं झाली तरी ती घरात बेबीच होती. आणि ती गप्प झाली की काहीतरी बिघडलंय, हे दादांना ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून कळायचं.

दादांचा उभा जन्म टपाल खात्यात पत्रं लावण्यात गेला. समोर खणांची भिंत, हातात गठ्ठा. पत्ता बघायचा, पत्र त्याच्या खणात टाकायचं. संध्याकाळी टेबलावर एखादं पत्र उरलं तर त्यांना जेवण गोड लागत नसे. आणि अशा माणसापुढे म्हातारपणी फोटोंचा हा डोंगर! आई गेल्यावर बेबीच्या लेकीने मामाच्या फोनमधले फोटो मामाच्या कॉम्प्युटरवर टाकले, बेबीचे बेबीच्या. फोन मोकळे करून दिले आणि वर म्हणाली, “सवडीने बघा. नको ते उडवा.”

बघता बघता दादा मेटाकुटीला आले. एकाच फुलदाणीचे डझनभर फोटो. विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, कुणाचा तरी सुजलेला अंगठा, लग्नातल्या अनोळखी लोकांच्या पाठी. ‘शुभ सकाळ’ म्हणणारे गुलाब तर इतके, की माळी ठेवावा लागला असता. मधेच कुणीतरी अवचित भेटायचं. दात पडलेली भाची. नव्या सायकलवर ऐटीत बसलेला मुलगा, जो आता वर्षातून एकदा घरी येतो. मग दादांचा हात थांबायचा आणि चहा गार व्हायचा.

आईचे फोटो पुष्कळ होते, पण सगळे ओठ घट्ट मिटलेले. पुढचा दात पडल्यापासून कॅमेरा दिसला की ती तोंडाला कुलूप घालायची. एकदाच ते उघडलं. मोडकी खुर्ची आपण स्वतः दुरुस्त केली म्हणून दादा जेवणाचं ताट घेऊन मोठ्या तोऱ्यात तिच्यावर बसले, आणि ताटासकट जमिनीवर आले. आई जी हसत सुटली! तिचं ते पुढचा दात नसलेलं, लहान मुलासारखं हसू बेबीने नेमकं टिपलं आणि दादांना पाठवलं.

“मी उडवला रे तो,” बेबी हळूच म्हणाली. “तू साधा रबरबँडसुद्धा टाकत नाहीस. म्हटलं, दादाकडे आहे म्हणजे बँकेत आहे.”

दादांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “अगं, मीही उडवला. फोटो तू काढलेला. अस्सल तुझ्याकडे, माझ्याकडे नुसती नक्कल. म्हटलं, कशाला दोन दोन ठेवायचे?”

“कॉम्प्युटरवरच्या कचऱ्याच्या टोपलीत असेल बघ.”

“ती मी रोज संध्याकाळी रिकामी करतो,” दादा म्हणाले. “तुझी?”

“माझी लेक करून गेली.”

भाचीने येऊन नाना खटपटी केल्या. कॉम्प्युटरवाल्यानेही हात टेकले. रविवारी बेबी आली ती रडवेल्या चेहऱ्यानेच. त्या दिवशीचे आणखी दोन फोटो तिच्याकडे उरले होते. ते तिने कुणालाच पाठवले नव्हते, म्हणून वाचले. पहिल्यात आई नेहमीसारखी, ओठ मिटून. दुसऱ्यात ती वाकली आहे, आणि दोन्ही हातांनी डोळे पुसते आहे. मधला गेला.

“किती हसली होती रे! तू पडलास तशी लगेच.”

“छे! मी ‘ताट बघा, ताट शाबूत आहे’ म्हणालो तेव्हा हसली.”

“नाही, त्याच्या आधीच.”

 आई जाऊन दीडच वर्ष झालं होतं, आणि आतापासूनच दोघांची आई वेगवेगळ्या वेळी हसत होती.

“हाच लावू,” ते डोळे पुसणाऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले.

फ्रेमवाला भला माणूस होता. फोटो हातात घेऊन तो जरा घुटमळला. “काका, दुसरा एखादा नाही का? यात आजी रडताहेत.”

“रडत नाहीये ती. हसून हसून डोळ्यांत पाणी आलंय.”

“हो, हो. असेल,” फ्रेमवाला म्हणाला, घरात माणूस गेलेल्यांशी बोलावं तशा मऊ आवाजात. बेबी काही बोलणार होती, पण दादांनी तिच्या हातावर हात ठेवला. दुकानात उभं राहून आईचं हसणं कुणाला पटवून देणार?

काच बसली. मागचा पुठ्ठा ठोकण्याआधी दादांनी तो मागून घेतला. खिशातलं पेन काढून त्यांनी पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘आई हसते आहे.’ मग शाई वाळेपर्यंत फुंकर घालत उभे राहिले.

आता तो फोटो दादांच्या बाहेरच्या खोलीत आहे. आलेली माणसं तो बघतात, हळहळतात, आवाज खाली करतात. दादा त्यांना बसायला सांगतात. अक्षरं भिंतीकडे तोंड करून आहेत.