खोटी गंजी

"कोणी इस्वास नाही ठेवणार," फकिरानं बार उडवला, "पण जे तारे अजून पुरते जन्मलेच नाहीत, त्यायचा ताप माही मोनाली मोजते."

भाव पडल्यापासून घाटंजीच्या त्या जिनिंगात कापूस कमी आणि बसणं जास्त होतं. काटेवाला पूनमसिंग आणि रुई निवडणारी मथुराबाई कापसाच्या ढिगाच्या, म्हणजे गंजीच्या, सावलीत फकिराच्या थापा ऐकत बसत. फकिराचं काम सळईचं. गंजी वरून पांढरीशुभ्र दिसते आणि आतल्या आत धुमसते. लोखंडी सळई खुपसायची, घटकाभरानं काढून मनगटाला लावायची, ऊब किती त्यावरून आग किती खोल ते सांगायचं. बत्तीस वर्षांत अंदाज चुकला नव्हता. मनगटाचं मात्र कातडं झालं होतं.

लेकीचं पुण्यातलं संशोधन त्यानं असंच समजून घेतलं होतं आणि या दोघांनाही कितीदा तसंच सांगितलं होतं. कोवळा तारा धुळीच्या गोधडीत असतो, उजेड बाहेर येत नाही. धूळ तापते, तिची ऊब तेवढी दुर्बिणीला सापडते. मग पोरगी कॉम्प्युटरात खोटी गंजी रचते आणि खोटीची ऊब खरीशी जुळेपर्यंत धूळ कमीजास्त करत राहते. जुळली, की आत काय आहे ते कळलं.

"सळई धरायले मीच शिकवलं तिले." एवढं मात्र खरं होतं.

पिशवीतला लेकीचा जाडजूड प्रबंध तो नेहमी वरूनच दाखवी, सोनेरी अक्षरांना हात लावू देई. आज बारावीपर्यंत गेलेल्या पूनमसिंगनं तो ओढून पहिलं पान उघडलं.

"टू माय लेट फादर," त्यानं वाचलं आणि वर पाहिलं.

फकिराचं हसू तयारच होतं. पदवीच्या समारंभाला निघालो, तर कारंजा गावापाशी बस बंद पडली. ड्रायव्हरनं इंजिन बांधायला माझंच धोतर मागितलं. पोचलो तेव्हा टाळ्या संपलेल्या. "पोट्टी रुसली अन् छापूनच टाकलं, माहा बाप लेट!"

मथुराबाई डोळ्यांना पदर लावून हसली. मग थांबली. शाळा तिनं पाहिली नव्हती.

"पुस्तक पयले, मंग समारंभ ना?"

"हो ना."

"मंग छापतानी तिले कसं मालूम, तुही बस लेट होईन म्हणून?"

फकिरानं सळई उचलून गंजीत खुपसली. पूनमसिंगनं पुस्तक मिटलं.

"लेट म्हणजे मेलेला, बाई."

मथुराबाईनं फकिराला खालीवर न्याहाळलं.

"जुळून नाही राह्यलं, फकिरा. आनखी थोडी धूळ टाक."