हसायची चोरी

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. तुमच्याकडे असेल तसा रंगीत नाही. चार लाकडी पाय, समोर सरकणारं शटर आणि आत काचेमागे मी. लोकांना वाटतं, टीव्ही म्हणजे मजा, घरबसल्या सगळं जग बघतो. कसलं काय! मी जन्मभर एका पेटीत बसून आहे, आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं हे ठरवणारे भलतेच लोक. मला कुणी कधी विचारलं नाही.

कारखान्यात माझी जोडणी झाली, तेव्हा पॉलिश करणाऱ्याने माझ्या पेटीवरून हात फिरवून "झकास" म्हटलं होतं. दिलीपने मला टेम्पोतून वाशीला आणलं. दिलीप ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत फिटर. घरात त्याची आई केशरबाई आणि बायको सुमेधा. मराठवाड्यातून आलेलं हे बौद्ध कुटुंब. सिडकोच्या त्या नव्या इमारतीत पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला, याचा केशरबाईंना केवढा अभिमान! रोज सकाळी बाबासाहेबांची तसबीर पुसली की त्याच फडक्याने त्या मला पुसायच्या.

रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. खाडीच्या वाऱ्याने गच्चीवरचा अँटेना फिरला की चित्राला मुंग्या यायच्या, तरीही अख्खी इमारत आमच्या हॉलमध्ये जमायची. वरच्या मजल्यावरच्या जयमालाबाई आपल्या मुलाला, बंडूला घेऊन सर्वांत पुढे. येताना त्या घरून पाण्याचा तांब्या आणत. सुमेधाने चहा पुढे केला की म्हणत, "नको गं, आज उपास आहे." उपासाला चहा चालतो, हे मलासुद्धा ठाऊक होतं. पण त्या घरातलं पाणी चालत नव्हतं आणि टीव्ही चालत होता. मला त्या गोष्टीची लाज वाटे. शटर ओढून घ्यावंसं वाटे, पण मला हात कुठे आहेत?

पुढे सुमेधाला मुलगी झाली. तिचं नाव अरुणा ठेवलं. बाळंतपणानंतर सुमेधाची झोपच उडाली. ती तासन् तास भिंतीकडे बघत बसे. दूध उतू जाई, तरी तिला कळत नसे. मध्येच डोळ्यांतून पाणी येई आणि ती घाबरून ते पुसून टाकी. मी समोरच होतो, म्हणून सगळं पाहिलं. घरच्यांना वाटलं, थकलीय, होईल बरी.

अशातच एका रविवारी तो सिनेमा लागला. त्यात एक वेडी बाई होती. काळीसावळी, केस मोकळे, साडी फाटलेली, माळ्यावरच्या खोलीत कोंडलेली. ती उगाचच खदाखदा हसायची. शेवटी तिने तान्हं मूल उचललं आणि थेट गच्चीच्या कठड्याकडे धावली. मित्रांनो, मी असले सिनेमे ढीगभर दाखवले आहेत. वेडी बाई गोरी, श्रीमंताघरची असली की तिच्यासाठी देखणा डॉक्टर येतो, एक गाणं होतं आणि ती बरी होते. काळी, गरिबाघरची असली की ती हसते, आणि लोक तिला हसतात. त्या दिवशीही हॉलमधले सगळे पोट धरून हसत होते.

सुमेधा स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. ती उठली, गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि तिने माझं शटर ओढून बंद केलं.

"तिला झोप येत नसंल हो," ती म्हणाली. "कुणी इचारलं का तिला?"

जयमालाबाईंनी तांब्या उचलला, बंडूचा हात धरला आणि त्या निघाल्या. दारात थांबून केशरबाईंना म्हणाल्या, "तुमच्या लोकांत हे अंगात येणं वगैरे असतंच म्हणा. पण आत्ताच बघितलंत ना सिनेमात? बाळ तिच्याजवळ ठेवू नका. सोसायटीत लहान मुलं आहेत, आमच्या डोक्याला टेन्शन!"

मला याचा फार राग आला, कारण याच जयमालाबाईंची नणंद सुनीती मागच्या वर्षी अशीच गप्प गप्प झाली होती. तेव्हा याच हॉलमध्ये त्या सगळ्यांना सांगत होत्या, "तिच्या मनाला त्रास झालाय, हवापालटाला पाठवलंय." सुनीतीच्या मनाला त्रास आणि सुमेधाच्या अंगात भूत! एकाच दुखण्याला दोन घरांत दोन नावं.

केशरबाई वाईट नव्हत्या हो. पण त्या घाबरल्या. सिनेमातला तो कठडा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी अरुणाला आपल्याकडे घेतलं, सुमेधाला आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. टीव्हीनेच तिचं डोकं फिरवलं, असंही कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. मग मलाही बंद करून, अडगळ म्हणून त्याच खोलीत ढकललं. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली. दिलीप कामावर जाताना कडीकडे बघायचा आणि खाली मान घालून जायचा.

त्या खोलीत आम्ही दोघं. खिडकीला गज, दाराला कडी. सुमेधाला पान्हा फुटायचा, ब्लाऊज भिजायचा, आणि दूध प्यायला बाळ भिंतीपलीकडे. ती दाराला कान लावून बसायची. मी जगाच्या बातम्या सांगणारा, पण 'हिला डॉक्टरकडे न्या' एवढं एक वाक्य मला उच्चारता येत नव्हतं. इतकी घुसमट मी कधी सोसली नाही.

एका दुपारी अरुणाने रडून आकांत मांडला. बाटली तोंडात धरेना. केशरबाई खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालत होत्या, त्यांचाही आवाज रडवेला झाला होता. तेव्हा दाराआडून सुमेधा बोलली.

"आत्याबाई, तिला पालथी घ्या मांडीवर. पोटात वारा धरलाय तिच्या. रडन्यावरनं कळतंय मला." मग हळूच म्हणाली, "मला भ्या वाटतंय हो इथं. मी तिला काय बी करनार न्हाई. मला नुसती झोप द्या."

बाहेरच्या येरझाऱ्या थांबल्या. मग केशरबाई स्वतःशीच बोलल्या, "येडं मानूस असं बोलतंय व्हय?" आणि कडी निघाली. त्या सुनेजवळ जमिनीवरच बसल्या, पोर तिच्या पदराखाली दिली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत रडल्या. मीही रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी दिलीप रजा टाकून सुमेधाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. परत आल्यावर आईला म्हणाला, "डॉक्टरीन म्हनल्या, बाळंतपनानंतर लई बायांना व्हतं. ताप येतो तसाच ह्यो आजार. गोळ्या घ्यायच्या, झोपू द्यायचं. आन् तिला एकटं कोंडायचं न्हाई." काही महिन्यांत सुमेधा बरी झाली. मी पुन्हा हॉलमध्ये आलो.

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! एका संध्याकाळी जयमालाबाई कसल्याशा सहीसाठी आल्या होत्या. बंडू सोबत होता. माझ्यावर एक विनोदी नाटक चालू होतं. एका वाक्याला सुमेधा खळखळून हसली. तेच वाक्य ऐकून बंडूही हसत होता. पण जयमालाबाईंनी झटकन त्याला मागे ओढलं आणि दोन्ही हातांनी कवटाळलं. सुमेधाने ते पाहिलं. तिचं हसू तिथेच थांबलं.

त्याला आता काही वर्षं झाली. माझी पिक्चर ट्यूब गेली. माझ्या डोक्यावर नवा रंगीत टीव्ही बसला आहे, आणि त्यातल्याही वेड्या बायका केस सोडून हसतच असतात, फक्त आता रंगीत. सुमेधाच्या गोळ्या कधीच बंद झाल्या. ती घर सांभाळते, अरुणाचा अभ्यास घेते. पण हसू आलं की आधी उठून खिडकी लावते आणि पदर तोंडात कोंबते. आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. परवा अरुणाने शाळेतली गंमत सांगितली आणि सांगता सांगता ती स्वतःच उठून खिडकी लावून आली. आईला हसता यावं म्हणून. तिला वाटतं, सगळ्यांच्या घरी असंच करतात.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी लाकूड आणि काच. मला भंगारात द्या. पण तुमच्या शेजारची एखादी बाई मोठ्याने हसली, तर मुलांना जवळ ओढू नका. हसू द्या तिला.