जिन्याची पाटी

गोव्हनमधल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं होती आणि तिघांत मिळून एक पुठ्ठ्याची पाटी: ‘या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.’ शुक्रवारी जिना घासायचा, पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या मातीची वेलबुट्टी काढायची आणि पाटी पुढच्या दाराच्या मुठीला अडकवायची. इसा गिलफिलनने हा नेम एकोणीस वर्षं पाळला होता. नवरा जहाजाच्या कारखान्यात पडून गेला, त्या आठवड्यातसुद्धा. क्लाइड नदीकाठच्या धुराड्यांनी काजळी ओतावी आणि इसाने ती पुसावी, असा त्यांचा जुना संसारच म्हणा ना.

इसानंतरची पाळी पर्डींची. म्हणजे म्हाताऱ्या मिसेस पर्डींची, कारण त्यांचा चाळीस वर्षांचा हेक्टर कलावंत होता. पोटासाठी तो कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेई, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. खरं सौंदर्य सामान्यांच्या जगण्यात असतं, असं त्याला फोटोग्राफी क्लबात कळलं होतं. सामान्य माणसं भिंतीपलीकडेच राहत असल्यामुळे त्याची मोठीच सोय झाली.

मार्चमधल्या एका शुक्रवारी इसा बादली घेऊन बाहेर आली, तर हा दारात.

“मिसेस गिलफिलन, आज जिना राहू द्या ना. उद्या कारखाने बंद, धूर कमी असतो, खिडकीतून ऊन येतं. या काजळीवर ते काय दिसेल, तुम्हाला कल्पना नाही.”

“काजळीची मला बरीच कल्पना आहे, मिस्टर पर्डी.”

“एकच दिवस. कलेसाठी.”

कलेने आजवर इसाकडे काही मागितलं नव्हतं. तिने बादली आत नेली. वर त्याला चहाही पाजला.

मे महिन्यात सार्वजनिक धुलाईघरात चादरी पिळताना तिसऱ्या बिऱ्हाडाच्या नेटी बेअर्डने बातमी आणली.

“अगं इसा, वाचनालयाच्या हॉलमध्ये तुझा जिना टांगलाय. हेक्टरच्या फोटोला पहिलं पदक.”

“बरं झालं की.”

“कसलं बरं? चिखलाची पावलं, काजळी, आणि तुझ्या दारावर पाटी लोंबतेय. दारावरचं तुझं नाव मात्र लख्ख आलंय हो. आणि खाली लिहिलंय, ‘आळस’.”

आजूबाजूच्या बायकांचे हात हळू झाले. ऐकताना पाण्याचा आवाज नको.

इसा संध्याकाळी पर्डींकडे गेली.

“जिना तुम्हीच तसा ठेवायला सांगितला होता, एवढं लोकांना सांगा.”

“तसं कसं सांगू? चित्र मुद्दाम जुळवलेलं चालत नाही, नियम आहे. पदक काढून घेतील. आणि तुमचं काय बिघडलं? अमर झालात तुम्ही.”

“आळशी म्हणून.”

“ते प्रतीकात्मक आहे हो.”

प्रतीकात्मक म्हणजे काय, हे इसाला ठाऊक नव्हतं. धुलाईघरातल्या बायकांनाही नव्हतं, हीच तर अडचण होती.

पदक द्यायचं होतं शुक्रवारी, आणि पाळी इसाचीच होती. सकाळी तिने जिना घासला, वेलबुट्टी काढली, मग हॅट आणि हातमोजे घातले. पाटी पर्डींच्या दाराला न लावता पिशवीत टाकली.

हॉलमध्ये गर्दी होती. नदीपलीकडच्या बंगल्यातून आलेले क्लबाचे अध्यक्ष ‘कष्टकऱ्यांच्या वेदने’वर बोलत होते, हातात केक होता. इसा शांतपणे पुढे गेली आणि पाटी चित्राखाली, हेक्टर पर्डी या नावाशेजारच्या खिळ्याला अडकवली.

चहाच्या भांड्यापाशी उभ्या धुलाईघरातल्या बाया फिसकन हसल्या.

“हे काय, बाई?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझी पाळी झाली, साहेब. आता यांची आहे. दार बंद होतं, म्हणून इथे आणली.”

“पण चित्रात तर जिना...”

“तो यांनीच शनिवारपर्यंत तसा ठेवायला सांगितला होता.”

“पर्डी, हे खरं आहे?”

हेक्टर बुटांकडे बघत राहिला. पहिल्या रांगेत नवी हॅट घालून बसलेल्या त्याच्या आईला वाटलं, पोराला ऐकू आलं नसेल.

“खरं आहे हो,” ती अभिमानाने म्हणाली. “मी दारामागेच होते. मी म्हटलं पण, हेक्टर, धुऊ दे बाईला. पण कलेपुढे तो कुणाचं ऐकत नाही.”

पदक मग दुसऱ्या कुणाच्या फोटोतल्या, तळ्यातल्या हंसांना मिळालं. हंसांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, निदान त्यांची आई तरी तिथे नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मिसेस पर्डींनी बादली लेकाच्या हातात दिली. गुडघ्यांवर बसून हेक्टर दुपारभर घासत होता. पांढरी वेल मात्र त्याच्या हातून अशी वळली, की जणू प्यालेला माणूस चालत गेला.

“पुसून नीट काढतेस का?” नेटीने कुजबुजत विचारलं.

इसाने वेल निरखून पाहिली. एकोणीस वर्षांत तिने कुणाच्याही हातची वाकडी रेघ जिन्यावर राहू दिली नव्हती.

“राहू दे,” ती म्हणाली. “कला आहे.”