ताईच्या संगणकावरचा वेबकॅम

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर चिमट्यासारखा बसणारा मी एक जुना वेबकॅम आहे. माझी काच तडकली आहे, मान चिकटपट्टीने बांधली आहे. पण जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो.

एका कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर माझी जुळणी झाली. मग मी एका कचेरीत लागलो. माझं चित्र स्वच्छ येतं म्हणून कौतुक व्हायचं. नवे कॅमेरे आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. तिथून एका कारकुनाने मला उचललं आणि परगावच्या आपल्या थोरल्या बहिणीला पाठवलं. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो.

ताई घरी बसून भाषांतरं करायची. तिचा मोबाइल नवऱ्याने भिंतीवर आपटून फोडला होता. उरला होता विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालणारा जुना संगणक. त्यावरून ती भावाशी बोलायची. "मजेत आहे रे," म्हणायची. तिचा आवाज ऐकून त्याला ते खरं वाटेना, म्हणून तर त्याने मला पाठवलं होतं.

तिने मला जोडलं, पण चित्राची चौकट काळीच राहिली. पडद्यावर आलेला संदेश तिने भावाला वाचून दाखवला.

"ताई, संगणकाला कॅमेरा सापडलाय," भाऊ म्हणाला. "फक्त तुझ्या खात्याला तो वापरायची परवानगी नाहीये. मी सांगतो ती ओळ टाइप कर, लॉगआउट कर आणि परत ये."

तिची बोटं अडली. डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं, ओठ फाटला होता. मग तिने एकेक अक्षर दाबलं. ती परत आली आणि माझा दिवा लागला.

भावाला तिचा चेहरा दिसला. "कुणी मारलं?"

"त्यानेच. नेहमीच मारतो."

तेवढ्यात नवरा आत आला. "कुणाला तोंड दाखवतेस?" म्हणत त्याने तिच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली, की ती खुर्चीसकट आडवी झाली. मग लाथा. मग केस धरून तिचं डोकं जमिनीवर आपटलं. मला हात नाहीत. मी फक्त बघत होतो, आणि ते सगळं भावाला दिसत होतं.

"सोड तिला," भाऊ ओरडला. "मला सगळं दिसतंय. पोलिसांना फोन लावलाय."

नवऱ्याने मला उपटलं, भिंतीवर फेकलं, वर टाच रगडली. पोलिसांनी दार तोडलं, तेव्हा मी पलंगाखाली पडलो होतो.

मी दाखवलेलं सगळं चित्रण भावाने साठवून ठेवलं होतं. त्या पुराव्यावर नवरा तुरुंगात गेला. ताई आता भावाकडे राहते. माझी मान तिनेच बांधली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. पण रागाने हात उठेल, तेव्हा समोरच्या माणसाला आधी जपा. मी चिकटपट्टीने जोडला गेलो. ताईला मात्र डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही.