डिकीतली मोटर

आमची मारुती भंगारात घालायची, हे माझ्या नवऱ्यानं, गोरक्षनं, संक्रांतीच्या सुमाराला ठरवलं. नगरचा एक भंगारवाला येऊन गाडी बघूनही गेला. मला हे कळलं शेजारणीकडून, आणि त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. मला राग लवकर येतो आणि सावकाश जातो. हे मी लग्नाआधीच सांगितलं होतं, त्यामुळे फसवलं अशी तक्रार कुणाला करता येत नाही.

गोरक्षचंही अगदीच चुकत होतं असं नाही. गाडी सत्त्याण्णव सालची, कार्बोरेटरची. थंडीत चोक ओढून तिच्या विनवण्या करायच्या, उन्हाळ्यात ती तापली की वाटेत रुसून बसायची. वर्षभरात तीनदा तिनं मला रस्त्यावर उभं केलं. तिसऱ्यांदा राहुरीच्या अलीकडे भर उन्हात चार तास, वर फोनही बंद पडलेला. शेवटी गोरक्ष टेम्पो घेऊन शोधत आला. भांडण्याआधी त्यानं मला पाण्याची बाटली दिली, हे मान्य करायला पाहिजे.

पण गाडी माझ्या वडिलांची. दादा, म्हणजे सूर्यभान, कोल्हारला एकटेच राहतात. आई गेली, मग त्यांचे डोळे गेले. आता त्यांना माणसांच्या नुसत्या सावल्या दिसतात. किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले होते, “गाडी तुज्याकडंच ठिव. म्हंजी तुला यायला कुनाची वाट बघाया नको.” काष्टीहून कोल्हारला जायचं म्हणजे एसट्या बदलत निम्मा दिवस जातो, आणि घरचा टेम्पो कधी मोकळा नसतो. दर रविवारी मी या गाडीनं जायचे. गाडी गेली की माझा रविवार जाणार होता, आणि दादांचा सगळा आठवडाच.

मी म्हटलं, गाडीला इंजेक्शन बसवते, म्हणजे कार्बोरेटर काढून त्याजागी विजेवर मोजून पेट्रोल फवारणारी नवी यंत्रणा. डिप्लोमा केलाय, लग्नाआधी चार वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत हात काळे केलेत, ते काय पोळ्या लाटायला? गोरक्ष हसला नाही. त्यानं अट घातली. काष्टी ते कोल्हार आणि परत, गाडी वाटेत एकदाही बंद न पडता आली, तर तो भंगाराचं नाव काढणार नाही. पडली, तर मी गाडीचं नाव काढायचं नाही. साक्षीला त्याची आई येईल. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? तो म्हणाला, विश्वास आहे, पण तुझा पारा चढला की घाटालाही सपाट म्हणशील.

त्याची आई म्हणजे मालनबाई. मी त्यांना आत्या म्हणते. सात वर्षांत आमचं कधी भांडण झालं नाही, कारण आमचं फारसं बोलणंच झालं नाही.

अडीच महिने गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उघडी पडली होती. नव्या मॉडेलच्या एका ठोकलेल्या गाडीतून मी सगळा संच आणला: इंजेक्टर, वायरिंग, आणि पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारी ती डबी. कार्बोरेटर काढून फडक्यात बांधला आणि कपाटात ठेवला. वायरी जोडताना म्हैस शेजारून बघत बसायची, आणि तिच्याइतका धीर घरात दुसऱ्या कुणाला नव्हता. दादांना तेवढे दिवस मी फोनवरच भेटले. ते दर वेळी विचारायचे, सुरू झाली का? मी म्हणायचे, होईल. मग ते जेवणाखाणाचं बोलायचे, आणि त्यानं मला जास्तच वाईट वाटायचं.

शेवटचा प्रश्न पंपाचा होता. इंजेक्शनला पेट्रोल जोरात लागतं, म्हणून त्याला विजेवर चालणारा पंप असतो. नव्या गाडीत तो टाकीच्या आत असतो. आमच्या जुन्या टाकीत तो मावेना, म्हणून मी बाहेर बसवायचा वेगळा पंप आणला. गाडीखाली बसवला असता, पण आमची शेतातली वाट म्हणजे चिखल नाहीतर दगड. मग मी तो वर डिकीत बसवला, छान कोरड्या जागी, रबरावर. मला माझंच कौतुक वाटलं.

टाकी भरून गाडी सुरू केली. पहिल्याच किल्लीला इंजिन असं लागलं की मी स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत बसले. पंधरा दिवस गावात, शिवारात फिरवली. एकदाही कुरकूर नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी आम्ही निघालो. आत्या मागच्या सीटवर बसल्या, कारण पुढं बसलं की त्यांना समोरची गाडी अंगावर येतेय असं वाटतं. टाकी निम्म्याच्या खाली आली होती, पण कोल्हारला पोचायला पुरून उरली असती. नगरच्या चौकात आत्यांनी विचारलं, पाथर्डीला जायला इथूनच वळायचं का. मी हो म्हटलं. त्या मान वळवून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

नागापूर मागे पडलं. ऊन तापलं होतं. विळदच्या पुढे गाडीनं एक आचका दिला, मग दुसरा, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ती गप्प झाली.

मी बॉनेट उघडलं. वायरी हलवून पाहिल्या, फ्यूज काढून घातले, इंजिन पुन्हा पुन्हा फिरवलं. काही नाही. अडीच महिने, आणि त्यात दादांचे दहा रविवार. मी टायरला लाथ मारली आणि तिथंच कडेला बसून रडायला लागले. आत्यांसमोर रडायची मला फार लाज वाटत होती, तरी थांबता येईना.

आत्या खाली उतरल्या. डिकीला कान लावून म्हणाल्या, “किल्ली फिरीव बरं एकदा. नुसती अर्धी.”

मी फिरवली. पंप चिरक्या आवाजात ओरडला.

“नगरापासनं आयकतीय मी ह्यो आवाज,” आत्या म्हणाल्या. “ही मोटर पानी धरत न्हाई. हवा वढतीय.”

मी म्हटलं, आत्या, हा पेट्रोलचा पंप आहे, विहिरीवरची मोटर नाही. जरा तोऱ्यातच म्हटलं. त्यांनी माझ्या तोऱ्याकडे लक्ष दिलं नाही. टाकी कुठं आहे, विचारलं. मी सांगितलं, खाली. पेट्रोल किती आहे? निम्म्याच्या खाली. आणि मोटर कुठं आहे? वर.

“मंग? पानी खाली गेलं की मोटर खाली उतरवावी लागती. तीस उन्हाळं हिरीत उतरून मोटर खाली घ्यायला लावलीय मी मान्सांना. काठावर ठिवली तर ती कोरडीच बोंबलती.”

मी उन्हात तशीच उभी राहिले. टाकी भरलेली होती तोवर वरचा पंप कसाबसा ओढत होता. पेट्रोल खाली गेलं, तापलं, आणि पंपाचा दम संपला. असे पंप टाकीच्या खाली बसवायचे असतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते मी चिखलाच्या भीतीनं सोयीस्कर विसरले होते.

एक दूधवाला मोटरसायकलवर चालला होता. आत्यांनी त्याला हात केला, आणि असा काही हुकूम सोडला की तो बिचारा मागं फिरून पाच लिटर पेट्रोल घेऊन आला. मी ते टाकीत ओतणार, तेवढ्यात आत्यांनी अडवलं. आधी थोडं मोटरीत भर, मग बाकीचं. मी पंपाची नळी सोडली, झाकणानं पेट्रोल भरलं, नळी आवळली. किल्ली फिरवली. चिरका आवाज हळूहळू खाली येत नुसता गुणगुणायला लागला, आणि इंजिन लागलं.

कोल्हारला दादा अंगणात उभे होते. आवाजावरूनच म्हणाले, “आपली हाय व्हय ही? वळखू येईना.” जेवण झाल्यावर मी पेरूच्या झाडाखाली गाडी घेतली, चाकांना दगड लावले आणि खाली शिरले. दादा शेजारी बसून नट खोलायचे पाने देत होते. दिसत नाही, पण दहाचा कुठला आणि बाराचा कुठला हे त्यांच्या बोटांना पाठ. पंप टाकीच्या खाली आणून बसवला, आणि चिखल लागू नये म्हणून आत्यांनी सुचवल्याप्रमाणे त्याखाली जुन्या डब्याचा पत्रा वाकवून लावला. निघताना दादांनी बॉनेटवरून हात फिरवला. म्हणाले, पुढच्या रविवारी पेरू काढून ठेवतो.

परतीच्या वाटेवर टाकीचा काटा उतरत गेला आणि मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत गेले. नगर आलं, गेलं. काटा तांबड्या रेषेजवळ आला. मागून आत्या मधूनमधून एवढंच म्हणायच्या, धरतीय, धरतीय. काष्टीत शिरलो तेव्हा दिवस मावळत होता, आणि गाडी एकदाही अडखळली नव्हती.

पण जाताना पडली होती, आणि अट जाऊन येण्याची होती. गोरक्ष दारातच उभा होता. मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आईला विचारलं, कुठं बंद पडली?

आत्या पायातल्या चपला काढत होत्या. “बंद कशाला पडती? विळदापाशी मला पानी प्यायचं हुतं, म्हनून थांबलो जरा.”

गोरक्षनं माझ्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं, मग आईकडे. पाणी पिताना हात असे काळे होत नाहीत, हे त्याला कळत होतं. आत्यांनीही त्याच्याकडे तसंच रोखून बघितलं.

“आन् कारखानं बंद झाल्यात,” त्या म्हणाल्या. “माजा भाऊ अजिनाथ ऊसतोडीवरनं पाथर्डीला घरी आला आसंल. टेम्पो मोकळा झाला की भावाकडं न्हेतो, आसं अकरा वर्सं म्हंतोयस तू. आता ऱ्हाऊ दे. मला ही अश्विनी न्हेईल.”

गोरक्ष खिशातून फोन काढून ओट्याच्या टोकाला गेला, आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगताना त्याचा आवाज मला ऐकू आला. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी गोठ्याच्या नळावर हात धुवायला गेले आणि पुन्हा रडले, पण या वेळी आत्यांची लाज वाटली नाही. त्या शेजारी साबण धरून उभ्या होत्या.

“कधी जायचं?” मी विचारलं.

“तुज्या दादाचा ऐतवार सोडून,” त्या म्हणाल्या.